‘ताण’ या शब्दाची कार्डं

दि. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू शिवून दिलेला कोट घालून मी कचेरीत गेले, की जरा जाणती दिसते, असं शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. मी म्हटलं, यात माझं काही नाही, ती आत्याच्या कापाची करामत आहे. त्यांनी लगेच तुझा पत्ता मागितला. दिला नाही. तू आधीच पाठ मोडून बसतेस.

तू विचारलंस, की दिवसभर नेमकं करतेस काय. सांगते. आमचा कोश रोजच्या साध्या शब्दांचा आहे. एकच शब्द वेगवेगळ्या कामांत काय काय अर्थाने वापरतात ते त्यात द्यायचं. प्रत्येक अर्थाला एक कार्ड. कार्डावर त्या कामातल्या माणसाने तो शब्द वापरून स्वतःच्या हाताने एक वाक्य लिहायचं आणि खाली सही करायची. कार्ड आलं तर अर्थ कोशात जातो, नाहीतर गळतो. संपादकबाईंना ऐकीव अजिबात चालत नाही. सध्या आम्ही ‘त’वर आहोत आणि माझ्या वाट्याला ‘ताण’ आला आहे.

आत्या, मला वाटलं होतं, दोन दिवसांत उरकेल. मनावरचा ताण म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको. पण पुलांचं गणित करणारे इंजिनियर म्हणाले, की ताणाला मनाशी काही देणंघेणं नाही, लोखंडाला दोन्हीकडून ओढलं की होतो तो ताण. व्यायामाच्या दवाखान्यातल्या बाई तर रोज स्नायूंना ताण द्या म्हणून लोकांच्या मागे लागतात. मनाचा ताण घालवायला औषध घ्यायचं आणि या बाईंचं औषधच ताण! मी भर रस्त्यात एकटी हसले.

तुझ्या मशीनच्या दोऱ्याचा ताण मला हवाच आहे. सोबत कोरं कार्ड आहे. सही नीट कर, लाजू नकोस.

दुसरं कार्ड बाबांसाठी आहे. खांबाला आधार द्यायला तिरकी तार लावतात, तिला लाइनमन लोक ताण म्हणतात, हे मला चालायला लागल्यापासून माहीत आहे. लहान असताना त्या तारेला लोंबकळले म्हणून त्यांचा एकुलता एक धपाटाही मी खाल्ला आहे. मी बाईंना तसं सांगितलंही, तर त्या म्हणाल्या, की तुमचे वडील लाइनमन आहेत हे कार्डाला ठाऊक नाही. म्हणून ते त्यांच्याच हातचं हवं. घरून निघाल्यापासून त्यांनी मला एक ओळ लिहिलेली नाही. त्यांनी शब्द टाकून मिळवलेली शाळेतली नोकरी मी नाकारली, याचा त्यांना राग आहे, तो मला कळतो. पण इथे मी जे करते आहे ते काम खरं आहे, आत्या. त्यांना पत्र लिहायचं नसेल तर नको, पण एक वाक्य तरी लिहितील का? महिनाअखेरीला ‘ताण’ छापखान्यात जाईल.

आईला नमस्कार. माझ्यावरचा लोभ शिवणीतल्या कापडासारखा धर, म्हणजे लागेल त्यापेक्षा थोडा जास्त.

तुझी,
भिंगरी


दि. १० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पंडितीणबाई, तुमचं कार्ड पाहून माझी बोबडीच वळली. आयुष्यभर माप घेणारी मी, त्या एवढ्याशा चौकोनात वाक्य बसवताना घामाघूम झाले. तुझी आई समोर बसून हसत होती. म्हणाली, गिऱ्हाइकाला दरवाजात गाठून पाऊण तास बोलता, आता कुठे गेलं तोंड? शेवटी लिहिलं ते असं: ‘वरच्या आणि खालच्या दोऱ्याचा ताण सारखा असला, तर टीप दोन्ही बाजूंनी एकसारखी दिसते, वरचा जास्त झाला तर कापडाला चुण्या पडतात.’ बरं आहे ना? सही मात्र तीनदा गिरवली गेली, ती तशीच चालवून घे.

आता तुझ्या बाबांचं. दादाच्या हातात मी कार्ड दिलं तेव्हा तो बूट काढत होता. उभ्याउभ्याच वाचलं, उलटवून मागचीही बाजू पाहिली, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, बघू. त्याच्या ‘बघू’चे किती अर्थ होतात, त्यावर एक आख्खं पुस्तक काढ तू. मी जेवताना पुन्हा विषय काढला, तर म्हणाला, मला कशाला मध्ये घेता, तिच्या शहरात लाइनमन नाहीत का? तुझ्या आईने वाढता वाढता पळी आपटली.

खोटं आश्वासन द्यायला मला जमत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. त्याने कार्डाला हात लावलेला मला दिसला नाही. कपडे धुवायला टाकताना खिसा बघितला, तिथेही नव्हतं. तुझ्या त्या शाळेवरून तो रोज सायकल घेऊन जातो, पण वाटेत ती दिसली की दुसरीकडे बघतो, असं त्याचा जोडीदार सांगत होता. राग नाही गं तो. चार लोकांना सांगून बसला होता, की मुलगी इथेच मास्तरीण होणार. आता ते चारही जण त्याला भेटले की विचारतात. हट्टी आहे, त्याला वेळ लागतो. तू पण काही कमी नाहीस. दोघंही आपापलं टोक ताणून धरता आणि मधे आम्ही दोघी.

जेवण वेळेवर करत जा. कोटाचं वरचं बटण सैल झालं असणार, पाठवताना घाईत लावलं होतं. नीट टाचून घे. सगळ्यांचे आशीर्वाद आहेत, न बोलणाऱ्याचेसुद्धा.

तुझी,
आत्या


दि. २७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड संपादकबाईंनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. एक अक्षरही बदललं नाही. आमच्याकडे हे क्वचितच होतं. माझं स्वतःचं टिपण त्याच दिवशी लाल होऊन परत आलं होतं. मला इतका आनंद झाला, की तुझी भाची म्हणून सगळ्यांना मीच चहा पाजला. बटणही टाचलं.

‘ताण’ची कार्डं आता टेबलभर झाली आहेत. व्हायोलिन बनवणारे एक आजोबा आले होते. ते म्हणतात, ताण वाढवला की सूर चढतो, आणि कान नसलेला माणूस तार तुटल्यावरच थांबतो. तंबू उभारणाऱ्यांचा ताण म्हणजे दोर. पाणीखात्यातल्या साहेबांचा ताण उन्हाळ्यात येतो. एकाला हवा असतो, एकाला नकोसा, एकाला मोजायचा असतो. आत्या, मी कॉलेजात भाषा शिकले, पण भाषा इतक्या लोकांनी मिळून हातांनी चालवलेली असते, हे मला आत्ता कळतं आहे. यातल्या कुणीही माझ्याकडे काही मागितलं नाही. काम थांबवून, हात पुसून, विचार करून लिहून दिलं. संध्याकाळी कार्डं जुळवताना मला या सगळ्यांचे आभार कुठे मानावेत ते कळत नाही. कोशात आभाराला एकच पान असतं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. बाबांचं कार्ड आलं नाही. बाई दोनदा म्हणाल्या, की इथल्या वीज कंपनीत जाऊन एखाद्या लाइनमनला गाठा. मी नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी घरी चालत येताना मी स्वतःलाच विचारलं, की हा अर्थ कोशात का हवा आहे? बाबांनी मला लिहावं म्हणून, की उद्या एखादी मुलगी ‘ताण’ शोधेल तेव्हा तिला खांबही दिसावा म्हणून? आमच्या घरातल्या रुसव्यापायी खांबाचा अर्थ गाळायचा, हे मला पटेना.

काल मी इथल्या सबस्टेशनवर गेले. तिथल्या लाइनमनने जेवणाचा डबा बाजूला ठेवून कार्ड लिहून दिलं. वाक्य असं: ‘लाइन वळते तिथल्या खांबाला उलट बाजूने ताण दिला नाही, तर खांब ओढीच्या बाजूला कलतो.’ चांगलं वाक्य आहे. मी त्यांचे आभार मानले आणि कार्ड आजच्या गठ्ठ्यात जमा केलं.

हे बाबांना तूच सांग, माझ्याकडून. त्यांना कळू दे, की मी थांबले होते, आणि मग कामासाठी थांबले नाही. त्यांना वाईट वाटलं तर मलाही वाटेल, पण लपवून ठेवणार नाही. बारा गावची वीज बघून रात्री माझ्या अभ्यासासाठी घरातला दिवा चालू ठेवणारा माणूस तो. मी त्यांच्यावर रागावलेली नाही, हेही सांग.

तुझ्या मायेची सवय झाली आहे, ती मोडू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


दि. ४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते, गिऱ्हाईक बसलंय. तुझं पत्र मी दादाला दिलं नाही, मोठ्याने वाचूनच दाखवलं. त्याने सगळं ऐकलं आणि उठून बाहेर गेला. एवढ्यात त्याचा जोडीदार काही कामाने आला. त्याला मी रागारागाने म्हटलं, तुझ्या दोस्ताला लेकीसाठी एक ओळ लिहिता येत नाही. तर तो कपाळावर हात मारून हसायलाच लागला! म्हणाला, एक ओळ? अहो, या माणसाने गेले कित्येक दिवस आम्हाला जगू दिलेलं नाही. खांबावर चढलेल्या माणसाला खालून ओरडून विचारतो, तू ताण कशाला म्हणशील रे, एका वाक्यात सांग. परवा सुट्टीच्या दिवशी कार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या खांबापाशी जाऊन बसला होता म्हणे.

आम्हा दोघींना घरात राहून यातलं काही माहीत नाही! आता तो परत आलाय आणि पुढचं स्वतःच लिहितो आहे, टेबलाजवळ कुणाला फिरकू देत नाही. हे पाकीट मी त्याच्याआधी टाकते, म्हणजे तुला धक्का बसायला नको.

गिऱ्हाईक खाकरतंय. आशीर्वाद.

तुझी,
आत्या


दि. ५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

आत्याचं पत्र आधी पोचलं असेल. तिने तिखटमीठ लावलं असेल, ते वजा करून वाच.

तुझं काल ऐकलं. तू दुसऱ्या लाइनमनकडून लिहून घेतलंस ते बरोबर केलंस. एका टोळीला यायला जमलं नाही तर दुसरी पाठवायची असते, लाइन बंद ठेवायची नसते. त्यांचं वाक्यही चांगलं आहे. त्यांना माझा नमस्कार सांग.

मी उशीर का केला ते लिहितो. आमच्याकडे एक शिस्त आहे, की जागेवर जाऊन बघितल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. तुझ्या कार्डावर सही करायची होती, म्हणून मी शब्द जागेवर जाऊन बघत होतो. एवढी वर्षं तोंडात असलेला शब्द, पण लिहायला घेतला की हलायचा. एकदा लांब व्हायचा, एकदा नुसता उपदेश व्हायचा. जोडीदार म्हणाला, साधं लिही. साधं लिहायलाच वेळ लागला. आता झालंय, सोबत पाठवतो:

‘ताण जमिनीत पक्का आहे की नाही, ते स्वतः हलवून बघितल्याशिवाय खांबावर चढायचं नाही.’

खाली सही आहे. महिना उलटला म्हणून हे बाद होणार असेल तर होऊ दे, नियम सगळ्यांना सारखा. बाईंकडे माझ्यासाठी शब्द टाकू नकोस. मी एकदा तुझ्यासाठी टाकला होता, त्यातून काय झालं ते आपण पाहिलं.

शाळेतली ती जागा भरली. एक मुलगा आलाय, बरा शिकवतो म्हणतात. मला आता त्या रस्त्याने सरळ बघत जाता येतं. तुला आधी पत्र लिहायला बसलो होतो, नाही असं नाही. पण दर वेळी कागदावर शाळाच यायची, मग फाडायचो. तू कार्ड पाठवलंस, त्यात एकच वाक्य मागितलंस, ते बरं केलंस. एका वाक्यात शाळा मावत नव्हती.

तुझ्या पत्रातलं ते दिव्याचं ऐकून तुझी आई आत निघून गेली. मलाही बरं वाटलं. तू इतक्या लोकांचे आभार मानतेस, चांगलं आहे, मानत जा. मी आजवर कुणाचे फार मानले नाहीत. तुझे मानतो. माझं काम काय आहे, हे मला आजवर कुणी लिहून मागितलं नव्हतं.

आता कामाचं. इथल्या वाचनालयात जाऊन मी जुना कोश काढून बघितला, तुमची गाडी कुठल्या रस्त्याने जाते ते समजून घ्यायला. ‘त’नंतर ‘थ’, मग ‘द’, ‘ध’, ‘न’. पुढे ‘प’ फारच मोठा आहे, त्यातच तुझं एक वर्ष जाईल. मग ‘फ’, ‘ब’, आणि मग ‘भ’. तोवर मी निवृत्त झालेला असेन, वेळ भरपूर असेल. ‘भार’ हा शब्द माझ्यासाठी राखून ठेव. विजेचा भार, तारेचा भार, खांबावरचा भार, तिन्ही वेगळे आहेत आणि तिन्ही मी लिहीन. बाईंना आत्ताच सांगून ठेव. आणि तेव्हाही त्या कचेरीत तूच असशील हे बघ, नवख्या माणसाला मी कार्ड लिहून देणार नाही.

कोरी कार्डं पाठव. उशीर होणार नाही.

तुझा,
बाबा