पाणबुडी आणि सीटबेल्ट

सेनगाव, रविवार, संध्याकाळ

सापडली एकदाची ती पाणबुडी! दोन दिवस त्या एका शब्दापाशी अडले होते. फ्रेंच गाडीचं सुरक्षेचं पुस्तक इंग्रजीत करतेय, तर सीटबेल्टच्या पानावर मधेच 'सू-मारिनाज'. म्हणजे पाणबुडीसारखं काहीतरी. पण गाडीत पाणबुडी कशाला? छापणाऱ्याची चूक तर नसेल?

आज बाबांना घेऊन कळमनुरीला आत्याकडे निघाले. बाबांनी बेल्ट लावला, सवयीप्रमाणे सीट मागे पाडली आणि डोळे मिटले. वाटेत म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला, तसे बाबा पट्ट्याखालून सरकन पुढे घसरले. कमरेचा पट्टा पोटावर!

ही तर पाणबुडी! पट्ट्याखाली बुडी मारणं! (आत्याकडे पोचल्यावर फोनवर पाहिलं. इंग्रजीतही सबमरीनिंगच म्हणतात. उगाच छापणाऱ्यावर संशय घेत होते.)

"काहून हसून राहिली?" बाबा वैतागले.

मी सांगितलं, जोरात धडक बसली असती तर हाच पट्टा पोटात रुतला असता. त्यांनी मुकाट्यानं सीट सरळ केली.

झोप उडाल्यामुळे बाबा मग वाटभर बोलत राहिले. मी फ्रेंच शिकायला पुण्याला गेले तेव्हा लोक त्यांना विचारायचे, पोरगी त्याचं करणार काय?

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"मला तरी कुठं ठाऊक व्हतं? म्हणायचो, तिला बराबर ठाऊक हाय."

मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. हे मात्र त्यांना सांगितलं नाही.