आईचं माहेर: वरकुटे

१ जुलै १९९६, सोमवार
आजपासून कॉम्प्युटर. बारामतीत भिगवण रोडला क्लास लावला. बी.कॉम. झाल्यावर काही वर्षं विचारात गेली, पण घाईने निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही. डेटाबेस शिकणार. महिन्याभरात सरांच्या बरोबरीला येईन. लॅबमध्ये चपला बाहेर काढायच्या. एसी आहे. झोप येईल असं वातावरण, पण येऊ दिली नाही. शेवटी थोडी आली.
शेजारच्या मशीनवर पळसदेवच्या मानसिंगतात्यांची मुलगी, सुकन्या. इथं आत्याकडं राहते. हिच्याशीच लग्न करायचं. निर्णय झाला.

५ जुलै
सर म्हणाले, प्रत्येक रेकॉर्डला प्रायमरी की लागते, म्हणजे दुसऱ्या कुणाशी घोळ होणार नाही अशी खूण. मी नाव ठेवलं. सर म्हणाले, एका नावाची चार माणसं असतात. मी म्हणालो, आमच्या कळसमध्ये मल्हार म्हटलं की मीच. मागून कुणीतरी विचारलं, म्हशीवाला का पाणीवाला? दुर्लक्ष केलं.
सुकन्येने सरळ नंबर दिले होते. सर खूश. कल्पनाशक्ती कमी आहे तिची. लग्नानंतर बघू.

१० जुलै
आईला सांगितलं. आई म्हणाली, तात्या बिनकामाच्या पोराला पोरगी देत्यात व्हय? आईला काळ कळत नाही.
इंदापूरला ११ ऑगस्टला समाजाचा वधू-वर मेळावा. अध्यक्ष मानसिंगतात्या. त्यांना भेटून सांगितलं, जोड्या कॉम्प्युटरवर जुळवून देतो. तात्या म्हणाले, काम करून दावा, मग बगू. म्हणजे होकारच. मोठी माणसं थेट बोलत नाहीत.

१९ जुलै
मुलांचं एक टेबल, म्हणजे तक्ता, मुलींचं एक टेबल, आणि क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला विचारलेला प्रश्न, दोन्ही जोडते. मी अट न घालता जोडली. प्रत्येक मुलाचं प्रत्येक मुलीशी जमलं. प्रिंटर थांबेना. सरांनी वायर उपटली आणि कागदाचे पैसे मागितले. शिकवण्याची पद्धत जुनी आहे त्यांची.
मग अटी घातल्या. आडनाव एकच तर भाऊबंद, लग्न नाही. दोघांच्या आयांचं माहेर एकच, गाव आणि आडनाव दोन्ही तेच, तर मावसभावंडं, तिथंही नाही. दुसरी अट माझ्या डोक्यातून निघाली. सर पहिल्यांदाच शाब्बास म्हणाले. सुकन्येने वळून बघितलं.

३ ऑगस्ट
फॉर्म भरून घेणं चालू. बोटं दुखतात. एक सोय सापडली: मागचं रेकॉर्ड जसंच्या तसं नव्यात उतरतं, वेगळं असेल तेवढंच बदलायचं.
आज सुकन्येचं रेकॉर्ड. तिचा फॉर्म उघडलाच नाही. माझंच रेकॉर्ड तिच्यात उतरवलं. आवड: क्रिकेट, मिसळ, दुपारची विश्रांती. अपेक्षा: जोडीदार समजूतदार, नोकरीची सक्ती नसावी. नाव, वडील, आडनाव आणि गाव तेवढं बदललं. ज्याचं जास्तीत जास्त जुळतं तो यादीत वर. माझ्याइतकं माझ्याशी कोण जुळणार?
सुकन्या म्हणाली, माझी एंट्री एकदा बघू का. म्हणालो, विश्वास ठेव.

१० ऑगस्ट
सर म्हणाले, नेण्याआधी यादी तपासून घे. शेवटची एसटी होती. उद्या नवा शर्ट.

११ ऑगस्ट, रात्री
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.
दत्तोबा गुरुजी माईकवर यादी वाचत होते. सुकन्येचं नाव आलं. पहिल्या नंबरला निमगावचा यशराज. क्रिकेट, मिसळ, दुपारची विश्रांती. माझं नाव खाली, बाद झालेल्यांत. गुरुजींनी कारणही वाचलं: दोघांच्या आईचं माहेर एकच, वरकुटे, सबब मावसभाऊ-मावसबहीण.
माहेर बदलायचं राहिलं होतं.
तात्या उठून म्हणाले, आमची सासुरवाडी फलटणकडं हाय, वरकुटं कुठनं आलं? सगळं कार्यालय माझ्याकडं बघायला लागलं. दोन रस्ते. एक, तात्यांच्या पोरीच्या जागी मी स्वतःला उतरवलं असं समाजापुढं सांगायचं. दुसरा रस्ता धरला. म्हणालो, तात्या, घरात नीट विचारा, कॉम्प्युटर मागच्या पिढ्यांपर्यंत जातो. आई बायकांतून म्हणाली, आरं काय बोलतोस? मी म्हणालो, आई, तू मधी बोलू नको, सुकन्येची आई तुझ्या माहेरच्या भावकीतलीच आहे.
चांगला पाव तास मी सिद्ध करत होतो की सुकन्या माझी बहीण आहे. माणसांना पटायला लागलं. एक म्हातारी म्हणाली, नाक बी सारकंच हाय.
मग सुकन्या उठली. म्हणाली, मला मान्य हाय, न्हाईतरी मला सख्खा भाऊ न्हाय. टाळ्या पडल्या.

१३ ऑगस्ट
विचार केला. डिझाइनमध्ये दोष नाही. क्वेरी अचूक चालली. हे कुणी लक्षात घेत नाही. सर फार हसले.

२० ऑगस्ट
यशराजला भेटलो. तात्यांनीच पाठवलं, पाव्हण्याची माहिती काढायला. मुलात खोट काढायचीच असं ठरवून गेलो. दिवसभर मॅच बघितली, मिसळ खाल्ली, दुपारी दोघंही झोपलो. मुलगा लाखात एक आहे. तसं सांगावं लागलं.

२८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
सुकन्या घरी आली. राखी बांधली. आईने पुरणपोळी केली होती. आता आईलाही हे नातं मनापासून आवडायला लागलं आहे. जाताना सुकन्या हळूच म्हणाली, दादा, कॉपी केल्यावर सगळे रकाने बघायचे असतात. म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं.
यशराजशी तिचं लग्न ठरलं, तुळशीच्या लग्नानंतर. मांडवात नवऱ्याचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. तात्यांनी सगळ्यांसमोर मान मला दिला. टॉवेल-टोपी आणि शर्टपीस मिळेल म्हणाले.
जोरात पिळायचं ठरवलं आहे.