चार इंजिनं आणि एक दार

२ मार्च

कालपासून सुरुवात करणार होतो, पण काल पेन बरं नव्हतं. लॉगबुक वेगळं आहे, त्यात फक्त उड्डाणं. ही वही जमिनीवरच्या घडामोडींसाठी. जमिनीवर माझं फारसं काही घडत नाही, त्यामुळे वही पुष्कळ दिवस पुरेल.

संकल्प : बाळ यायच्या आत समुद्र ओलांडणे.

बाळ वहिनीचं. समुद्र माझा. आमच्या क्लबात देशोदेशीची माणसं आहेत. सगळे आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून जुनी प्रॉपेलरची प्रवासी विमानं उडवतात. जेट नाही. जेट म्हणजे बटण दाबा आणि डुलकी काढा. आमच्या विमानाला चार इंजिनं, आणि ती एका घरात नांदणाऱ्या चार सासवांसारखी. एकीला गरम होतं तेव्हा दुसरीला थंडी वाजते, आणि तिसरी का रुसली ते शेवटपर्यंत कळत नाही. खुर्ची न सोडता, मध्ये न थांबता, खऱ्या वेळेत समुद्र ओलांडला की खांद्यावर चौथी पट्टी मिळते. मग कॅप्टन. सध्या तीन पट्ट्या.

दादा म्हणाला, बाळ आलं की अडगळीची खोली बाळाची. म्हणजे माझं कॉकपिट. मी म्हटलं, त्याच्या आधीच रिकामी करतो. दादा म्हणाला, असं तू डिप्लोमाच्या वेळीपण म्हणाला होतास. त्याचा इथे काही संबंध नव्हता. परीक्षेच्या हॉलचं दार आतून लावून घेतात, ते मला सोसत नाही, एवढंच.

६ मार्च

सुतारकाकांनी उरलेलं प्लायवूड दिलं. या विमानात तिसरा माणूस लागतो, इंजिनांकडे बघणारा इंजिनिअर. माझ्याकडे तिसरा नाही, दुसराही नाही, पण त्याची काटे-बटणांची फळी तर हवीच. मूळ नकाशाप्रमाणे ती फळी नेमकी खोलीच्या दारावर येते. दार आत उघडतं. म्हणजे आत गेल्यावर फळी दाराला आडवी लावायची आणि चार स्क्रू पिळायचे. बाहेर यायचं तर चार स्क्रू सोडायचे. सोपं आहे.

सुतारकाका म्हणाले, बिजागरी लावून देतो, फळी उचलली की मोकळे. मी म्हटलं, काका, मूळ विमानात बिजागरी नाही. ते म्हणाले, पायलटसाहेब, मूळ विमानात दार होतं की नाही?

यावर मी विचार करतो आहे.

वायरी आत यायला त्यांनी दाराखाली फट कापून दिली. स्वच्छ काम.

१३ मार्च

मी कामाला आहे त्या दुकानात (झेरॉक्स, लॅमिनेशन, बाइंडिंग) चेकलिस्टा लॅमिनेट करून घेतल्या. उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरताना. मालकांनी एक वाचली. विचारलं, हे कुणाचं काम? मी म्हटलं, एका विमान कंपनीचं. तसं ते खोटं नाही. मालक म्हणाले, कंपनीला सांग, पावती घेऊन जा.

१९ मार्च

महत्त्वाचा दिवस. माझ्यावर जबाबदारी आली.

दादाच्या गोदामात दिवसपाळी लागली. तिथे फोन गेटवर कपाटात ठेवून घेतात, पाळी संपल्यावरच परत. म्हणून दिवसा वहिनीला कळा सुरू झाल्या तर टॅक्सी बोलावणं, फाइल घेणं, बॅग घेणं, तिला हॉस्पिटलात नेणं, सगळं मी करायचं. दादाने विचारलं, जमेल का? मी म्हटलं, चार इंजिनं सांभाळतो. तो म्हणाला, ही एक बाई आहे. मी म्हटलं, म्हणूनच सोपं. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली, भाऊजी, मला ऐकू येतं.

लगेच वेगळी चेकलिस्ट केली. 'वहिनी, प्रसूती, तातडीची कारवाई.' पहिला मुद्दा : मला हाक मारणे. दुसरा : मी येतो. त्यापुढे टॅक्सी, फाइल, बॅग, पाण्याची बाटली, वहिनी. लॅमिनेट करून अडगळीच्या खोलीच्या दारावर, बाहेरच्या बाजूला लावली, म्हणजे सर्वांना दिसेल. वहिनी वाचून म्हणाली, मी पाण्याच्या बाटलीनंतर आहे होय. मी म्हटलं, क्रम वजनाप्रमाणे आहे.

२२ मार्च

सराव केला. बॅग घेऊन जिना उतरलो, टॅक्सी थांबवली. ड्रायव्हरने विचारलं, पेशंट कुठे आहे? मी म्हटलं, वर काकडी खातेय, हा सराव आहे. तो म्हणाला, सरावालाही मीटर पडतो. उतरलो. वेळ उत्तम आली होती.

२७ मार्च

फळी लावून पहिलं उड्डाण. दार बंद, फळी घट्ट, समोर आकाश. खोलीला खिडकी नाही याचा फायदा असा की बाहेरचं काही दिसत नाही. सुरुवातीला जरा छाती दाटली. मग इंजिनं सुरू केली आणि हेडफोन लावले. मग बरं वाटलं. तेवढ्या वेळात मी घरी नसतो. शेजारणीला म्हणजे मास्तरीणबाईंना मी सध्या काय करतो हे सांगावं लागत नाही.

उतरलो, स्क्रू सोडले, बाहेर आलो. मनात तीन पट्ट्या नाहीत, साडेतीन.

'स्क्रूड्रायव्हर खिशात?' हा मुद्दा उड्डाणापूर्वीच्या यादीत आधीपासून आहे. उड्डाणातल्या यादीतही घालायला हवा होता. पण लॅमिनेशनवर पेन उमटत नाही. नवी करू.

३ एप्रिल

दुकानातल्या मशीनचा रोलर गेला. नवी यादी लांबली. आठवण माझी चांगली आहे.

५ एप्रिल

क्लबचे चीफ म्हणाले, नऊ तारखेला वारा पाठीमागून आहे, तेव्हाच जा. वहिनीला डॉक्टरांनी चोवीस दिली आहे. मी सहज विचारलं, पहिली बाळं उशिराच येतात ना? ती म्हणाली, भाऊजी, आतमध्ये कॅलेंडर लावलेलं नसतं. याचा अर्थ हो असा मी घेतला.

नऊला दुकानातून रजा टाकली. विचार केला तर तोच दिवस सगळ्यांत सुरक्षित. अख्खा दिवस मी घरातच. रजेचं ऐकून दादाने पाठीवर थाप मारली, म्हणाला, शहाणा झालास रे, तिच्यासाठी घरी थांबतोस. मी त्याची चूक सुधारली नाही. मी फक्त शुद्धलेखनाच्या चुका सुधारतो.

९ एप्रिल, सकाळ, जमिनीवर

दादा गेला. वहिनीला सांगितलं, काही लागलं तर हाक मार. बिस्किटं, पाणी आत. फोन बाहेर चार्जिंगला (क्लबचा नियम). फळी लावली. स्क्रूड्रायव्हर खिशात. बरोबर.

सकाळ, हवेत

चारही इंजिनं गुणी. खाली किनारा संपला. आता फक्त पाणी. छान.

थोड्या वेळाने

वहिनीने दार वाजवलं. कुकरचा दांडा ढिला झाला, स्क्रूड्रायव्हर हवा. खुर्ची न सोडता वाकलो, फटीतून बाहेर सरकवला. ती जेमतेम वाकून घेऊ शकली, दोनदा अगं आई गं म्हणाली. एका हाताने विमान धरलं होतं. शंभर फूटही खाली गेलो नाही. याला म्हणतात पायलट.

दुपार, निम्मा समुद्र

तिसरं इंजिन ठोकायला लागलं. ठक ठक, मग थांबतं, मग जोरात ठक ठक. इंधन वाढवलं. झडपा थोड्या उघडल्या. तापमान नॉर्मल, तरी ठोकतंच आहे. चीफना विचारलं. ते म्हणाले, आम्हाला इकडे काहीच ऐकू येत नाही, पण इंजिनाशी प्रेमाने वाग. मी प्रेमाने वागतो आहे. मोठ्याने म्हटलंसुद्धा, थांब गं, बघतोय ना.

दुपार, त्यानंतर

ते इंजिन नव्हतं. दार होतं.

हेडफोन काढले तर वहिनी बाहेरून म्हणत होती, भाऊजी, यादीतला पहिला मुद्दा मी पाच-सहा वेळा केला, आता दुसरा तुमचा.

खिसा चाचपला. मग आठवलं.

म्हटलं, वहिनी, स्क्रूड्रायव्हर दे. ती म्हणाली, कुकरपाशी आहे. आणला. म्हटलं, फटीतून सरकव. ती म्हणाली, मला आता वाकता येत नाहीये, सकाळीही जेमतेमच आलं होतं. मी म्हटलं, मग खाली टाक आणि पायाने ढकल. तिने टाकला. ढकलला. तो गोल फिरत भलतीकडे गेला. चपलांच्या स्टँडखाली गेला, असं ती म्हणाली. मग तिला कळ आली.

मी फळी ओढली. सुतारकाकांचं काम. नखाने स्क्रू फिरवायला गेलो, नख गेलं. ओरडून सांगितलं, तिसरा मुद्दा, टॅक्सी! ती म्हणाली, मी टॅक्सी आणि मास्तरीणबाई दोघांनाही फोन केलाय, तुम्ही ओरडू नका, मला तुमचीच काळजी वाटते. थोड्या वेळाने मास्तरीणबाई आल्या. दाराला तोंड लावून म्हणाल्या, बेटा, तू आता तिथेच बस. असं त्या शाळेत म्हणायच्या तेव्हा वर्ग गप्प व्हायचा. मी बसलो.

मग बाहेर शांतता. इंजिनं चालू. दुसरं काय करणार? विमानाला मीच एकटा. पुढे उडवत राहिलो.

संध्याकाळ, पलीकडच्या किनाऱ्यावर

उतरलो. धुक्यात, बाजूच्या वाऱ्यात, एकही उसळी नाही. चीफ म्हणाले, आजपासून तू कॅप्टन. क्लबातल्या सगळ्यांनी आपापल्या घरून टाळ्या वाजवल्या. मी आभार मानले आणि विचारलं की माझ्या घरी कुणी फोन करू शकेल का. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

समुद्र ओलांडला. दार ओलांडता आलं नाही.

१० एप्रिल, सकाळ

सुतारकाका आले. दादाने हॉस्पिटलातून फोन केला होता. दादा त्यांना काय म्हणाला, ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं : सावकाश जा, घाई नाही.

मला वाटलं करवतीने दार कापतील. त्यांनी चपलांचा स्टँड सरकवला, स्क्रूड्रायव्हर फटीतून आत दिला आणि म्हणाले, पायलटसाहेब, उतरा आता. चार स्क्रू मीच सोडले. काकांनी करवत पिशवीतून काढलीसुद्धा नाही.

मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. काका झालो, म्हणजे हे काका नव्हेत, मी.

११ एप्रिल

हॉस्पिटलात गेलो. लिफ्ट टाळली, जिन्याने गेलो. पुतणी लालबुंद, मुठी वळलेल्या. वहिनी म्हणाली, घ्या ना, चावत नाही. घेतलं. क्रम वजनाप्रमाणे असता तर ही पाण्याच्या बाटलीच्या जरा पुढे.

दादाला सांगितलं की पुन्हा असं होणार नाही, मी नवीन यादी करतोय. तो एवढंच म्हणाला, यादी नको. खोली रिकामी कर. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

१८ एप्रिल

दोघी घरी आल्या. पुतणी रडते. झुलवलं, थोपटलं, पंखा लावला, पंखा बंद केला. मास्तरीणबाईंनी डोळे वटारले. तिला शाळेचा अनुभव नाही, ती गप्प बसली नाही.

खोली उद्या रिकामी करणार. शेवटचं छोटं उड्डाण म्हणून, फळी न लावता, हेडफोन न लावता, इंजिनं सुरू केली. चारही. बाहेर एकदम शांत झालं. वहिनी दारात आली, खांद्यावर पुतणी, गाढ झोपलेली. वहिनी म्हणाली, भाऊजी, बंद करू नका.

केलं नाही. उतरलोही नाही. सरोवरावर गोल गोल फिरत राहिलो. माझ्या आयुष्यातली पहिली प्रवासी.

१९ एप्रिल

खोली मला परत मिळणार असं दिसतं. दादाही इंजिनाच्या आवाजात झोपला. आता मी या घराला आवश्यक आहे. नवा संकल्प : फळीला बिजागरी.

२१ एप्रिल

दिवसभर गोल गोल. दुकानातून मालकांचा फोन. सांगितलं, विमानात आहे. उतरलो की ती उठते. चहाला उतरता येत नाही. पाठ धरली आहे. चौथ्या पट्टीचा विषय घरात कुणी काढला नाही.

२३ एप्रिल

वहिनी म्हणाली, सारखं तुम्हाला कशाला बसवायचं, भाऊजी, हा आवाज फोनमध्ये घेता येत नाही का? मी म्हटलं, मूळ आवाजाची सर त्याला येणार नाही. दादाने विचारलं, तुझ्याकडे जुनं काही साठवलेलं आहे का, लांबलचक? लांबलचक असं एकच आहे. नऊ एप्रिल. क्लबसाठी अख्खं उड्डाण माइकसकट साठवावं लागतं.

दादाने ते आपल्या जुन्या फोनमध्ये टाकलं.

३० एप्रिल

खोली रिकामी झाली. सुतारकाकांनी इंजिनिअरच्या फळीवर बाळाचे कपडे बदलायची सोय केली. बिजागरी लावून. माझा कॉम्प्युटर खोक्यात, खोकं हॉलमध्ये, मी खोक्याशेजारी. सकाळी दुकानात जातो. मालकांनी नव्या रोलरवर पहिलं काम मला दिलं.

आज सुट्टी आहे. पाळण्याजवळ फोनवर नऊ एप्रिल चालू आहे. चारही इंजिनं गुणी, पुतणी झोपलेली. निम्म्या समुद्रावर ते येतं : ठक ठक. मग जोरात ठक ठक. पुसट आवाजात भाऊजी, भाऊजी. आणि मग माझा आवाज, अगदी प्रेमाने : थांब गं, बघतोय ना.

वहिनी भाजी चिरता चिरता हसते. आता दादाही हसतो. पुतणी हलतसुद्धा नाही.

रोज त्या ठोकण्याला मी उठतो आणि दाराशी जातो. दार उघडंच असतं.