मध्यंतरानंतरचा दिग्दर्शक

४ फेब्रुवारी
संकल्प: आपल्या दिग्दर्शकावरचा लेख यंदा पूर्ण करायचाच. हल्ली कौटुंबिक ड्रामा करणाऱ्यांत दम असलेला हा एकटाच. बाकीचे पाऊस पाडतात, व्हायोलिन वाजवतात आणि नटीला खिडकीत उभी करतात. याचे शेवट मात्र! शाळेच्या शिपायाच्या सिनेमात निवृत्तीच्या दिवशी म्हातारा तासभर आधीच घंटा देतो आणि पोरं ओरडत सुटतात. दोन बहिणींच्या सिनेमात आईचं शिलाई मशीन दोघीही एकमेकींसाठी सोडून जातात आणि ते रिकाम्या घरात तसंच राहतं. दुकानात गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर काढताना आठवलं तरी माझ्याच डोळ्यांत पाणी येतं.

५ फेब्रुवारी
पद्धतीबद्दल नोंद. मध्यंतरानंतर मी सिनेमा डोळे मिटून पाहतो. दिवसभर डोळ्यांचाच धंदा, त्यांनाही सुट्टी हवी. शिवाय खरा सिनेमा कानांनी कळतो. घरी येताना सौ. सगळा शेवट सांगते. तिला नीट कळलाय की नाही, याची तेवढीच उजळणी. मी मान हलवतो. तिला बरं वाटतं.

११ फेब्रुवारी
सिनेमंडळाच्या ग्रुपवर त्या घंटेबद्दल चार परिच्छेद टाकले. अध्यक्षबाईंनी विचारलं, तुम्ही नक्की कुठला सिनेमा पाहिलात? यापेक्षा मोठी दाद ती काय असणार! पडदा सगळ्यांना एकच, मला दिसतो तो सिनेमा वेगळा.

१८ फेब्रुवारी
मेव्हणी जेवायला. सौ. म्हणाली, त्या दिग्दर्शकाचे शेवट तसे कोरडेच असतात. मी हसत म्हटलं, हिला सिनेमातलं काही कळत नाही, मी नेतो ते आपलं सोबत म्हणून. मेव्हणी ताटात बघत राहिली. नंतर आत भांड्यांचा आवाज जरा जास्त येत होता. घासणी बदलायला झालीय बहुतेक.

२५ फेब्रुवारी, रविवार, दुपारी २
दिग्दर्शकाचा नवा सिनेमा लागला. सौ. येत नाही म्हणते. म्हणाली, तुम्ही जा, मला कुठे काय कळतं. हट्टीपणा! एकटाच निघालोय. एका परीने बरंच, एकाग्रता होईल.

संध्याकाळी ६
मध्यंतरापर्यंत अप्रतिम. घर सोडून गेलेल्या मुलीची वाट बघत बाप रोज बसस्टॉपवर येऊन बसतो. त्यानंतर सफाईच्या बाई म्हणाल्या, पाय उचला. म्हणजे शेवट खूपच शांत असणार.
घरी येऊन सौ.ला म्हटलं, शेवट काय असेल, ओळख बघू. म्हणाली, मी कुठे पाहिलाय? आणि कपड्यांच्या घड्या घालत बसली. एरवी तोंड बंद नसतं.

२६ फेब्रुवारी
दुकानात काचा घासणारा आमचा कारागीर सिनेमा बघून आला होता. सहज विषय काढला. म्हणाला, "शेवटी बस येते, पोरगी काही उतरत नाही, बाप उठून घरी जातो." मी म्हटलं, आणि पुढे? म्हणाला, "पुढे नावं."
नावं! मला खरं वाटेना. एक बाई फळ्यावरची अक्षरं वाचत होत्या, त्यांनाही विचारलं. त्यांनीही पाहिला होता. तेच म्हणाल्या. त्यांच्या डाव्या डोळ्याचा नंबर दोनदा चुकला.
हा विश्वासघात आहे. दुसरा शब्द नाही. सहा वर्षं या माणसाची बाजू घेऊन मी चारचौघांत भांडलो. जिथे घंटा वाजायची तिथे आता नुसती नावं वर सरकतायत. याचं डोकं तरी फिरलंय, नाहीतर घरी काहीतरी बिनसलंय. पुन्हा याचा सिनेमा पाहणार नाही.

२८ फेब्रुवारी
दिग्दर्शकाला नऊ पानी पत्र. घंटा आणि मशीन, दोन्ही शेवट बारीकसारीक तपशिलांसकट. वर जळजळीत प्रश्न: 'हे तुम्हीच केलंत ना? मग आता काय झालं?' सौ.ला वाचून दाखवलं. मशीनच्या शेवटापर्यंत आलो तशी ती उठून आत गेली. आतून उचकी लागल्यासारखा आवाज येत होता. तिलाही लागलेलं दिसतंय. बाहेर येऊन म्हणाली, "अहो, खरंच नका पाठवू." पाठवलं.

९ मार्च
उत्तर आलं. दिग्दर्शक लिहितो: 'माझ्या सिनेमात शिपाई गेटला कुलूप लावून घरी जातो. बहिणी कागदांवर सह्या करतात. शिलाई मशीन कुठेच नाही. पण तुमचं पत्र वाचल्यापासून ती घंटा आणि ते मशीन डोक्यातून जात नाही. हे कुणाला सुचलं? त्यांना भेटायचं आहे.'
तीनदा वाचलं. स्वतःचे सिनेमे विसरलेला माणूस. कीव आली.

१० मार्च
नाही, तो विसरलेला नाही.
सौ. इस्त्री करत होती. पत्र पुढे धरलं. तिने वाचलं, इस्त्री उभी केली आणि म्हणाली, "शिपायाचा शेवट मी आधी खराच सांगितला होता. तुम्ही 'एवढंच?' म्हणालात आणि तोंड पाडून चालायला लागलात. मग मी म्हटलं, थांबा, चुकलं माझं, घंटा राहिली सांगायची."
विचारलं, आणि बाकीचे? म्हणाली, "सगळेच."
इतकं फसवल्यासारखं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. ज्याच्यासाठी भांडलो, त्याने यातलं काहीच केलेलं नाही. आणि जिने केलं, तिला मी तिच्याच बहिणीसमोर काय बोललो ते आता आठवतंय. दुपारी जेवलो नाही. फारसं.

१२ मार्च
मार्ग सापडला. दिग्दर्शकाला कळवलं: 'कल्पना आम्हा उभयतांची.' सोबत फोन नंबर दिला.

१३ मार्च
दिग्दर्शकाचा फोन. मीच घेतला. त्याने विचारलं, मशीन सोडून गेल्यावर धाकटी बहीण परत का येत नाही? मी म्हटलं, ते पार्श्वसंगीतातून कळतं. तो म्हणाला, बाई आहेत का घरात?
सौ. चाळीस मिनिटं बोलत होती. मध्ये दोनदा खळखळून हसली. असं हसणं आमच्या घरात पूर्वी होतं. कधी बंद झालं ते आठवेना.

२५ मार्च
सिनेमंडळाचा कार्यक्रम. मंचावर दिग्दर्शक आणि सौ. त्याच्या पुढच्या सिनेमाचा शेवट ती लिहितेय. माझ्या लेखाला वेळ उरला नाही. मी तिसऱ्या रांगेत, मेव्हणीच्या शेजारी.
शेवटी अध्यक्षबाईंनी सौ.ला विचारलं, तुमच्या मिस्टरांनाही सिनेमाचं वेड आहे ना? तिने माझ्याकडे पाहिलं. मी निर्धास्त होतो. सहा वर्षं माझं तोंड पडू नये म्हणून हिने काय काय रचलं, आताही काहीतरी छानसं सांगेल. मी कॉलरसुद्धा नीट केली.
म्हणाली, "हो, आहे ना. मध्यंतरापर्यंत."
सगळा हॉल हसला. दिग्दर्शक टेबलावर थाप मारून हसला. मेव्हणीने रुमाल तोंडाला लावला. कार्यक्रम दोन तास चालला आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत टक्क जागा होतो. नेमका आजच.