ताटावरून उठले ते

दि. १७ नोव्हेंबर

प्रिय भोपळ्या,

आशीर्वाद. रागावला असलास तरी घे, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद परत पाठवायची सोय नाही. पन्नाशी उलटली म्हणून तुला मी आता मानाने हाक मारेन, असंही समजू नकोस. तुझ्या बायकोलाही आशीर्वाद. तिचे गुडघे काय म्हणतात?

पत्र कशाला, म्हणशील. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझा आवाज ओळखणार नाहीस. पार बसलाय. परवा दूधवाल्याने दाराबाहेरून मला "काका" म्हणून हाक मारली.

बाकी ठीक. गेल्या आठवड्यात बसमधून जाताना आपलं सोफ्यांचं दुकान दिसलं. बाहेर मांडलेल्या हिरव्या खुर्चीच्या पाठीची शिवण तिरकी आहे. कोणी शिवली रे? मी यायची थांबले तर दुकानात डोळे असलेलं कोणी उरलंच नाही का? आधी उसव ती, मग पुढचं वाच.

मीही घरी एक गादी केली. एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळती, कडक फोमची, वरून रेक्झिनची खोळ. कडेचा गोट हाताने घातला, बाबांनी शिकवला तसा. आडवं झालं की सगळं घशाशी येतं, म्हणून मला अर्धवट बसूनच झोपावं लागतं. उशांचा ढीग रचला तर घसरतो. ही घसरत नाही. दवाखान्यातल्या सिस्टरने कुठून विकत आणली म्हणून विचारलं, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला!

हं, दवाखाना. बसने तिकडेच जात होते. मला अन्ननलिकेचा कॅन्सर झालाय. लिहिलं बाई एकदाचं.

दुर्बीण घालून बघणाऱ्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "मावशी, कधी काही गिळलं होतं का?" मी म्हटलं, "आमचे बाबा जन्मभर ओरडत राहिले की सोफ्याला ठोकायचे खिळे तोंडात धरू नकोस, एखादा पोटात जाईल. पण नाही हो, एकही गेला नाही." मला वाटलं हसतील. ते पडद्याकडेच बघत राहिले, तेव्हा माझं मी ओळखलं.

मग छातीवर निळ्या शाईने खुणा केल्या, आपण कापडावर खडूने करतो तशा. त्या पुसायच्या नाहीत आणि किरणं सोडणाऱ्या मशीनखाली हलायचं नाही. सुरुवातीला काही वाटत नाही. नंतर आतून अशी सालपटं निघतात की स्वतःची थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येतं. सलाईनमधून औषध चढवलं की तोंडाला गंजाची चव. केस गेले त्याचं काही नाही, भुवया गेल्या तेव्हा मात्र मी आरसा उलटा करून ठेवला.

पाणीसुद्धा उतरेना तेव्हा पोटाला नळी बसवली. मोठी सिरिंज उंच धरायची आणि तिच्यातून पातळ जेवण सोडायचं, हळूहळू. मागून पाणी, नळी तुंबू नये म्हणून. शेजारच्या शिक्षिकाबाई हे शिकून घेऊन मदतीला येतात. थंड असलं तर पोटात उतरल्याचं कळतं, तोंडाला काहीच कळत नाही. आणि त्याच बाईंच्या घरून कांदा परतल्याचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ते वाडग्यात थुंकावं लागतं. भूक जात नाही रे भोपळ्या. मला वाटलं होतं तीही जाईल.

आता तुझ्या घरातल्या त्या जेवणाचं सांगते. तुला वाटलं, सकाळी दुकानात आपली जुंपली म्हणून मी भरल्या ताटावरून उठले. जुंपली होतीच. तयार खोळी बाहेरून मागवणार म्हणालास, मी तुला दुकानबुडव्या म्हटलं. ते शब्द मी मागे घेत नाही. पण मी त्यासाठी उठले नव्हते. तिसरा घास छातीत अडकला. पाणी प्यायले तर तेही वर आलं. नव्या घरात, सगळ्यांच्या देखत, पंगतीला अंथरलेल्या त्या पांढऱ्या चादरीवर ओकायचं का? म्हणून तोंडावर पदर धरून निघाले. मागून तू ओरडलास, "ताई, राग माझ्यावर काढ, अन्नावर नको!"

तुझी तरी काय चूक? आपल्या घरात राग निघायचा तो ताटावरच. बाबा दोन दोन दिवस जेवायचे नाहीत आणि आई ताट झाकून ठेवायची. तू तर पतंगासाठी उपोषणाला बसलास आणि माळ्यावर जाऊन साखरेचा डबा संपवलास. कोणी जेवलं नाही तर बरं नाही का, असं आपल्याकडे कधी कोणी विचारलंच नाही. कोणावर रागावलास, एवढंच विचारायचे.

म्हणून मीही राग म्हणूनच चालवून घेतलं. रागावलेल्या बाईच्या वाटेला कोणी जात नाही, आजारी बाईला सगळे घेरतात. मला घेरलेलं नको होतं. चार महिन्यांत बरी होईन, मग येऊन तुझ्या ताटातलंही खाईन, असा माझा बेत होता. शहाणी ना मी!

आणि तो डबा.

तू डबा घेऊन माझ्या दाराशी आलास त्या दिवशी मी घरातच होते. दाराच्या आत, खुर्चीवर. हातात सिरिंज वर धरलेली. तू म्हणालास, "ताई, चल, झालं गेलं विसर. जेव." आपल्या घरात याहून जास्त कोणी वाकत नाही. बाबा तर आईपुढेही कधी इतके वाकले नाहीत. तू परत म्हणालास, "निदान दार तरी उघड." मला तुझी चप्पल दाराखालच्या फटीतून दिसत होती. मी उघडलं नाही. उघडलं असतं तर तू नळी बघितली असतीस.

तू गेल्यावर डबा आत घेतला. मऊ भात होता, आई करायची तसा. एक शीत जिभेवर ठेवलं, चव आली तशी थुंकून टाकलं आणि मग पोटभर रडले. बाकीचा भात शिक्षिकाबाईंना दिला. डबा घासून ठेवलाय.

उपचार संपलेत, असं मी शेजारीपाजारी सांगते, तेही खुश होतात. तुला खरं सांगते. संपलेत म्हणजे थांबवलेत. ऑपरेशन करणार होते, ते रद्द झालं. कॅन्सर यकृतात पोचलाय. डॉक्टर म्हणाले, "मावशी, आता त्रास कमी ठेवायचा." मी म्हटलं, किती दिवस? त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मला भीती वाटते रे. मरायची वाटतेच, पण तू मला रागावलेली समजून खांदा द्यायला येशील, त्याची जास्त वाटते.

येत्या रविवारी दुपारी मी तुझ्याकडे येते. शिक्षिकाबाई सोडतील. आधी सांगून ठेवते, तीस किलोवर आलेय, बिनभुवयांची आहे. बायकोला रडू नको म्हणावं, आणि तू तर मुळीच नको.

सगळ्यांबरोबर माझंही ताट मांडा. पाटावर जमणार नाही, खुर्ची ठेव, पण ती हिरवी नको. वाढा सगळं, मीठसुद्धा. मी त्यातलं काही खाणार नाही. पण तुमचं शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत मी ताटावरून उठणार नाही.

डबा घेऊन येतेय.

तुझ्यावर कधीच न रागावलेली,
ताई