आतली कडी

५ मार्च

वन्सं,

नमस्कार. ‘तीर्थस्वरूप’ लिहिलं की आपण भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसल्यासारखं वाटतं, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात, म्हणून नुसतं वन्सं. गुडघा कसा आहे? मी बरी आहे. रक्तदाबाची गोळी विसरत नाही.

आधी तुमच्या दुकानाची बातमी. जागामालकानं तुम्हाला उठवलं तेव्हा तुम्ही यांना म्हणाला होतात, “पिकअपच्या मागे जोडता येईल असं दुकान करून दे मला. मग बघते कोण उठवतं ते.” ते दुकान आता चाकांवर उभं आहे. वीस फुटी कंटेनर मधोमध कापून निम्मा ठेवणं, कापलेल्या तोंडाला नवा पत्रा लावणं, एवढं यांनी केलंच होतं. पुढचं सगळं चष्मेवाले वेल्डर करताहेत. यांचे जुने मित्र, तुम्ही त्यांना पाहिलंय. वेल्डिंगच्या मुखवट्याआड नंबरचा चष्मा घालणारे. खालचा सांगाडा, दोन ॲक्सल, जुन्या ट्रकचे स्प्रिंगचे पाटे, पुढचा हुक, सगळं बसलं. वजन चाकांच्या थोडं पुढे पडायला हवं म्हणे, नाहीतर ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवतो. त्यांनी तुम्हाला निरोप दिलाय की कापडाचे गठ्ठे पुढे ठेवा आणि गप्पा मागे.

बाहेरून प्राइमर मी मारला. दोन हात. मानेत लचक भरली, पण रंग एकसारखा आलाय.

कंटेनर स्वयंपाकघराच्या खिडकीला अगदी चिकटून उभा आहे. खिडकीतून हात काढला की पत्राच लागतो. सकाळी दहा वाजताही दिवा लावून भाजी चिरते. मागच्या दारानं बाहेर पडायचं तर अंग चोरून, भिंत आणि पत्रा यांच्या मधून. चष्मेवाले म्हणाले, दोन फूट पुढे ओढून देतो, आता चाकं आहेत. मी नको म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

वाचनालयाच्या बाई दोनदा चौकशी करून गेल्या. एक पुस्तक सहा महिने माझ्याकडे पडून आहे. वाचून झालंय, पण नेऊन देणं होत नाही. नवीन काही आणत नाही. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

एकच मोठं काम उरलंय, उजेडाची तपासणी. भर उन्हाच्या वेळी एकानं आत जायचं, दुसऱ्यानं बाहेरून दार लावून दांडे आडवे करायचे. आत मिट्ट काळोख झाला की जिथे जिथे भोक असेल तिथे टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसतो. त्याभोवती खडूनं गोल काढायचा. पाणी नेमकं तिथूनच शिरतं. यांनी ती तपासणी अर्ध्यावर आणली होती. उरलेली सवडीनं करू.

गुडघ्याला शेक घेत जा.

तुमची भावजय


२१ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिलंत, ‘मी हट्ट धरला नसता तर तो त्या पेटाऱ्यात शिरला नसता. त्या पेटाऱ्यात बसून मी लोकांच्या पँटी आखूड करू? मला तो नको, विकून टाक.’

असं लिहू नका. तुमचा हट्ट नव्हता. यांनाच हौस होती. कंटेनर आणला त्या दिवशी नव्या नवरदेवासारखे त्याच्याभोवती फिरत होते. डॉक्टरांनी सांगितलंय, हृदयाचा झटका मोठा होता, एका क्षणात झालं, कुणाला काही करता आलं नसतं. मी तुम्हाला हे तेव्हाही सांगितलं होतं.

कामाचं लिहिते. आतली कडी बसवली, ओढली की बाहेरचे दांडे सुटतात. कंटेनरचं दार बाहेरूनच उघडतं. तो माल भरायला केलेला असतो, माणूस भरायला नाही. तुम्ही दिवसभर त्यात बसून शिवणार, तर आतून उघडता यायलाच हवं. हे यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण कडीसाठी दाराला भोक पाडलं की तिथून उजेड येणार आणि बारीक भोकं दिसणार नाहीत, म्हणून आधी तपासणी आणि कडी सगळ्यात शेवटी, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. परवा चष्मेवाल्यांनी भोक पाडलं, वर काळी चिकटपट्टी लावली, संपलं. उजेडाचा थेंब नाही. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांपैकी एकालाही सुचली नव्हती.

कडीवरून माझं आणि चष्मेवाल्यांचं थोडं वाजलं. त्यांनी ती खांद्याच्या उंचीवर लावली, जिथे कुणीही लावेल. मी काढायला लावली आणि आतल्या जमिनीपासून दीड हातावर बसवायला सांगितली. ते म्हणाले, “वहिनी, ताई काय रांगत बाहेर येणार आहेत?” मी म्हटलं, बसलेल्या माणसाच्या हाताला लागली पाहिजे. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरं भोक पाडलं. वरचं बुजवून टाकलं.

शिवणकाम बंद ठेवलंय, असं शेवटच्या ओळीत लिहिलंत. असं करू नका. हाताला सवय असते, ती मोडली की माणूस मोडतं.

तुमची भावजय


४ एप्रिल

वन्सं,

पिकअप विकायला काढलीत, हे चष्मेवाल्यांकडून कळलं. यंत्रावर चादर टाकलीत आणि दिवस दिवस पडून असता, हेही कळलं. म्हणून आज हालहवाल न विचारता लिहिते. दोन पत्रांमध्ये जे लिहिलं नाही ते लिहिते. आधी सगळं वाचा, मग हवं ते करा.

तुम्हाला माहीत आहे, मी चौथीत शाळा सोडली. लग्नानंतर भाजी बांधून आलेल्या कागदांवरून अक्षरं लावत लावत वाचायला लागले, आणि मग वेडच लागलं. पहिलं अख्खं पुस्तक वाचून झालं तेव्हा यांनी घरात एक नियम केला. मी वाचत असताना कुणी हाक मारायची नाही. कुणी आलं तर हे सांगायचे, “थांबा, तिचं पान संपू दे.” चहा हवा असला तरी पान संपेपर्यंत दारात उभे राहायचे. तीस वर्षं. मला दागिना केला नाही कधी, पण हे केलं.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला यांनी तपासणी करायला घेतली. हे आत गेले, मी दार लावलं, दांडे आडवे केले आणि दारापाशी स्टूल ठेवून वाचत बसले. आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. दोनदा टकटक म्हणजे उघड. एकदा म्हणजे ठीक आहे.

थोड्या वेळानं दोनदा टकटक झाली. शेवटचं प्रकरण चाललं होतं. मी ओरडून सांगितलं, “पान संपवते!” आतून एकदा टकटक झाली. ठीक आहे.

पान संपलं. मी उलटलं.

मग पुन्हा दोनदा वाजलं. जरा थांबत थांबत. खालून. मला तेव्हाच कळलं होतं की आवाज खालून येतोय. वाटलं, कंटाळून खाली बसले असतील. चारच पानं राहिली होती. मी ती संपवली, पुस्तक मिटलं, साडी झटकली आणि दांडे उचलले.

हे दाराला पाठ टेकून बसले होते. दार उघडलं तसे माझ्या पायांवर आले. हातात खडू होता.

डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की टकटक ऐकली आणि लगेच उघडलं. त्यावर ते म्हणाले, मग एका क्षणात झालं असणार. ते वाक्य मी तुम्हाला दिलं, सगळ्यांना दिलं, आणि सहा महिने त्याच्या आडोशाला बसले. खरं त्यांना विचारलंच नाही. चार पानांत काही करता आलं असतं का, हे मला माहीत नाही, आणि आता सांगणारं कुणी नाही.

काल तपासणी पुरी केली. आत मी गेले. चष्मेवाल्यांना बजावून ठेवलं की काहीही ऐकू आलं तरी उघडायचं नाही, मी माझी बाहेर येईन. दांडे पडले तो आवाज आतून कसा येतो हे मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. पोटात येतो. काळोखाला डोळे सरावले तसे यांनी काढलेले गोल एकेक दिसायला लागले, पांढरट. सतरा होते. सगळे नीट जुळवलेले, तुमच्या भावाच्या अक्षरासारखे. दाराजवळचा अठरावा अर्धाच होता. त्याच्यातून उजेड येत होता. तो मी पुरा केला. पुढे तीन सापडले ते माझे.

मग हे बसले होते तिथे, तशीच पाठ टेकून बसले. चार पानं वाचायला मला किती वेळ लागतो ते मला पक्कं माहीत आहे. तेवढा वेळ बसले. वन्सं, तो फार मोठा असतो. शेवटी पत्र्यावर दोनदा टकटक केली. जोर लावला नाही, बसल्या माणसाचा हात पडेल तशी.

मग कडी ओढली. दार उघडलं. चष्मेवाले माझ्याच स्टुलाशी उभे होते, तोंड पांढरं पडलेलं. मी विचारलं, आवाज आला का बाहेर? म्हणाले, “वहिनी, अख्ख्या गल्लीत गेला असेल.”

म्हणून सांगते, तुमच्या हट्टापर्यंत जाऊ नका. दोष शोधायचा तर तो त्या दुपारी माझ्या मांडीवर उघडा होता.

एकवीस भोकं बुजवून झाली. वरून दोन घागरी पाणी ओतून पाहिलं, आत थेंब नाही. तुमचं यंत्र मावेल एवढं टेबल डाव्या भिंतीला आहे, माप यांनीच खडूनं लिहून ठेवलेलं होतं, ‘ताईचं यंत्र’ असं. ते अक्षर रंगवलं नाही.

पिकअप विकू नका. येऊन ट्रेलर घेऊन जा. माझं तोंड बघायचं नसेल तर चावी चष्मेवाल्यांकडे ठेवली आहे. कोणत्या दिवशी येणार तेवढं त्यांना कळवा, मी त्या दिवशी पुस्तक परत करायला वाचनालयात जाईन. बघायचं असेल तर दारावर थाप मारा. एकदाच मारली तरी चालेल. मी उठेन.

पत्राखाली मी नेहमी ‘तुमची भावजय’ असं लिहिते. आज ती जागा मोकळी सोडली आहे. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.