मुखपृष्ठावरची पांढरी छत्री

१२ ऑगस्ट

चि. धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या भावोजींची दाढ काढली, त्यामुळे घरात शांतता आहे.

आपल्या रानफुलं-भूछत्रांच्या चित्रपुस्तकाच्या मुखपृष्ठाचा नमुना संपादकांनी मला बघायला पाठवला. "ताई, धाकटीनं कमाल केली!" म्हणाले. मी म्हटलं, "हो ना!" कामाची वाटणी करताना फुलं मी घेतली आणि भूछत्रं तुझ्या गळ्यात मारली, चिखलात कोण बसणार म्हणून. आता माझी फुलं आतल्या पानांच्या कोपऱ्यात आणि तुझी छत्री थेट वर. भोग म्हणायचे!

जळले गं मी. चांगली जळले. पांढरा रंग न लावता, नुसता कागद कोरा ठेवून पांढरी छत्री उभी करायची? मला जन्मात जमलं नाही. शेजारणीला म्हणाले, "बरं काढलंय." बरं!

मग भिंग घेऊन चुका शोधायला बसले. खोटं कशाला बोलू? तुला वाटली त्या खाण्याच्या छत्रीखालचे पापुद्रे गुलाबी असतात, पुढे तपकिरी होतात. तुझे पांढरेशुभ्र. आणि दांडा तू खणून काढला नाहीस, फुलासारखा कात्रीनं कापलास. माझीच शिकवण ती! बूड राहिलं मातीत. तू ज्या झाडाखालून ती कापलीस, तिथे जाऊन मी खुरप्यानं उकरलं. बुडाला वाटी आहे, विषारी छत्रीला असते तशी. तुझं चित्र तंतोतंत आहे, पण विषारीचं. आणि त्याखाली लिहिलंय, 'खाण्याजोगी'.

हे कळून आठवडा होत आला. मी गप्प बसले. म्हटलं, छापू दे, होऊ दे फजिती.

काल शेजारीण टोपली घेऊन आली. "तुमच्या चित्रातल्याच आमच्या परसात उगवल्यात. आज शिजवते." मी टोपली हिसकावून घेतली. ती म्हणाली, "वेड लागलं का तुम्हाला?" मी सगळ्या छत्र्या खड्ड्यात पुरल्या.

उद्या छपाई आहे. फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं, म्हणून तुझ्या भावोजींच्या हाती चिठ्ठी देतेय. वाचल्याबरोबर छापखान्याला थांबव. मग नवी छत्री मुळापासून खण, वाटीसकट रंगव, खाली 'विषारी' लिही आणि तीच मुखपृष्ठावर ठेवायला सांग. संपादक त्याऐवजी माझी फुलं मागतील. तू हट्ट सोडू नकोस. माझी फुलं वर गेली तर मला फार आनंद होईल, आणि त्या आनंदाची मला भीती वाटते.

अजूनही जळणारी,
तुझी ताई